दोन्ही बाजूंनी वाजणारा रेडिओ

१२ जून

बारके,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. बाबा गेले त्याला आज एकवीस दिवस झाले. शेजारच्या शिंप्यानं त्याच दिवशी तुझ्या नवऱ्याला कळवलं होतं, म्हणजे तुला ठाऊक आहे. तू का आली नाहीस हे मी विचारणार नाही. ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं, तिची तब्येत बरी नाही.

शेवटचे दोन महिने त्यांना उठवत नव्हतं, पण कान शाबूत होते. मी दुकानात एखादा सेट लावला की आतल्या खोलीतून पडल्या पडल्या सांगायचे, "गुणगुणतोय. फिल्टरचा कंडेन्सर गेला." उघडून बघावं तर खरंच गेलेला. डोकं अगदी जागेवर होतं. तुला आठवतं, एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं होतं की या रेडिओवर नुसत्या वाईट बातम्या लागतात, तेव्हा बाबा म्हणाले होते, "तो पार्ट आमच्याकडे मिळत नाही." ही गोष्ट त्यांनी परवापरवा डॉक्टरांनाही ऐकवली. डॉक्टर हसले, आणि बाहेर येऊन मला म्हणाले, आता फार दिवस नाहीत.

दुकान बंद करायचं ठरवलंय. माझे डोळे आता तारांना कथलाचे बारीक डाग द्यायच्या कामाचे राहिले नाहीत, आणि व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्तीला आणणारी माणसंही संपत आली. फळीवर अकरा सेट आहेत. एक निवृत्त घड्याळजी आहेत, जुने रेडिओ जमवतात. ते येत्या आठवड्यात बघायला येणार आहेत. त्यांच्या हाती जाण्याआधी तुला एखादा हवा असेल तर सांग. तो लाकडी पेटीतला, हिरव्या डोळ्याचा, अजून चालतो. तू त्याच्यासमोर तासन्‌तास बसायचीस. स्टेशन नीट लागलं की डोळ्यातली काळी फट मिटत यायची आणि तू म्हणायचीस, त्याला झोप आली, हळू बोला. तो मी तुझ्यासाठी वेगळा काढून ठेवते.

आपल्या स्वयंपाकघरातला सेट या अकरांत नाही. तो माळ्यावर आहे. तो मी कुणाला दाखवणार नाही.

जाण्याच्या आधीच्या आठवड्यात बाबांनी तुझं नाव काढलं होतं. काय म्हणाले ते भेटीत सांगेन.

ताई


२९ जून

बारके,

तुझं कार्ड मिळालं. "मला काही नको. जाळून टाक सगळे." सहा शब्द. अक्षर अजून शाळेत होतं तसंच आहे, ळ ची शेपटी लांब.

जाळले नाहीत. घड्याळजी येऊन गेले. माणूस सज्जन वाटला. आल्या आल्या डायलची काच रुमालानं पुसली आणि मग बघितली. एकेक सेट पालथा घालून मागचं पुठ्ठ्याचं झाकण उघडत गेले. व्हॉल्व्ह जुनेच आहेत का, स्पीकरचा कागद फाटलाय का, बँड बदलायचं बटण सगळ्या खाचांत नीट बसतं का, सगळं बघितलं. चौथ्या सेटला थांबले. मग पुन्हा पहिल्यावर गेले, मग सहाव्यावर. मला म्हणाले, "बाई, एक विचारू? हे तीन सेट बिनट्रान्सफॉर्मरचे आहेत. कंपनीनं यांत ट्रान्सफॉर्मर घातलाच नव्हता. मग प्रत्येकाच्या पोटात हा हातानं गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर कुणी बसवला?"

मी म्हटलं, "वडलांनी."

"पण कशासाठी? एवढ्याशा जागेत हा कोंबायचा म्हणजे चार-पाच दिवसांचं काम. सेट त्याच्याशिवायही वाजला असता."

मी म्हटलं, "त्यांचा स्वभाव काळजीचा होता."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पुढचा सेट उघडला.

तू या कामापासून लांब पळालीस, म्हणून तुला सांगते. मोठ्या रेडिओत विजेची तार आधी ट्रान्सफॉर्मरच्या एका गुंडाळीत जाते आणि रेडिओ चालतो दुसऱ्या गुंडाळीवर. दोघींची गाठ कुठेच पडत नाही. छोट्या, स्वस्त सेटांत ती चैन नसते. त्यांत भिंतीतून आलेल्या दोन तारांपैकी एक थेट आतल्या चॅसीला, म्हणजे लोखंडी सांगाड्याला, जोडलेली असते. बाहेरून सगळं बॅकेलाइटचं असतं, बटणंसुद्धा, म्हणून हात लागत नाही. पण बटणाखालची दांडी लोखंडाची असते आणि ती चॅसीत बसलेली असते.

आई गेल्यावर बाबांनी असा एकही सेट ट्रान्सफॉर्मर बसवल्याशिवाय दुकानाबाहेर जाऊ दिला नाही. गिऱ्हाईक कंटाळून दुसरीकडे गेलं तरी चालेल म्हणायचे. बरीचशी गेलीच.

त्या दिवसाबद्दल आपण दोघी कधीच बोललो नाही. एवढंच लिहिते की तुझा दोष नव्हता. तू लहान होतीस.

ताई


१४ जुलै

बारके,

तुझं पत्र परवा आलं. सात पानं. मी ते दुकानात उभ्यानं वाचायला घेतलं आणि तिसऱ्या पानावर खाली बसले.

तू लिहिलंयस, "तू लहान होतीस, याचा अर्थ तूच केलंस, फक्त लहान असताना केलंस. हे वाक्य मी मावशीकडून ऐकलं, नवऱ्याकडून ऐकलं, आता तुझ्याकडून ऐकलं. पुन्हा म्हणू नकोस." लिहिलंयस की दिव्याचं बटण तू अजूनही पेन्सिलीच्या टोकानं दाबतेस, आणि तू शिकवतेस त्या शाळेतली मुलं त्यावरून तुझी नक्कल करतात. लेक नऊ वर्षांची होईपर्यंत तिला घरातल्या एकाही बटणाला हात लावू दिला नाहीस. आणि शेवटी लिहिलंयस, "बाबा मरेपर्यंत माझ्याशी नजर भिडवून बोलले नाहीत, कारण मी त्यांच्या बायकोचा जीव घेतला. मग मी कुठल्या तोंडानं यायचं होतं?"

बाबा नजर का भिडवत नव्हते ते मला माहीत आहे. मी सरळ सांगते. मध्ये थांबले तर पुढे लिहिणार नाही.

तू अकरा वर्षांची होतीस आणि मी एकोणीस. बाबांच्या हाताखाली दोन वर्षं शिकत होते. व्हॉल्व्ह तपासायला शिकले होते, कॉइल गुंडाळायला शिकले होते, डाग तर बाबांपेक्षा साफ देत होते. स्वयंपाकघरातल्या सेटची दोरी उंदरांनी कुरतडली होती. आई आठवडाभर मागे लागली होती आणि बाबा उद्या-उद्या करत होते. आदल्या दिवशी बाबा बाहेर गेले असताना मी नवी दोरी घातली. मनात होतं, ते आले की म्हणेन, झालंसुद्धा.

त्या दोरीत दोन तारा होत्या आणि दोघींवर एकाच रंगाचं सूत होतं. बाबा चॅसीकडे जाणाऱ्या तारेला दोऱ्याची गाठ मारायचे, म्हणजे प्लगमध्ये ती बिनधोक, वीज नसलेल्या बाजूला जाईल. नव्या दोरीला गाठ नव्हती. मग टेस्टरनं बघायचं असतं. चॅसीला टेस्टर टेकवायचा. आतला दिवा लागला तर तारा उलट्या आहेत, बदलायच्या. एवढंच. लहान पोरालाही जमेल. टेस्टर बाबांच्या खिशात होता आणि बाबा गावात. ते येईपर्यंत थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. प्लगचं झाकण बसवलं, रेडिओ लावला. वाजला.

बारके, तो दोन्ही बाजूंनी सारखाच वाजतो. तारा सरळ असोत की उलट्या, आवाजात तसूभर फरक पडत नाही. वाजला म्हणजे झालं, असं मला वाटलं. बाबा आल्यावर मी सांगायला गेले तर ते गिऱ्हाइकाशी बोलत होते. मग राहून गेलं.

आवाजाचं बटण ढिलं होतं आणि तू ते काढून जमिनीवर फिरवत बसायचीस, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या सकाळीही तू ते काढलं होतंस. पण त्याआधीही तू ते दहादा काढलं होतंस, आणि दहाही वेळा आईनं तुला दोन शिव्या देऊन नुसती दांडी फिरवून रेडिओ लावला होता. ओल्या हातानंसुद्धा. तिला कधी झिणझिणीही आली नव्हती, कारण तेव्हा दोरी बाबांनी घातलेली होती.

त्या सकाळी ती फरशी पुसत होती. बातम्यांची वेळ झाली म्हणून उठली. मी दुकानात होते. मला बादली कलंडल्याचा आवाज आला, आणखी काही नाही. बाबा धावले, मेन स्विच पाडला. मी मागून आले तेव्हा आई फळीखाली पडली होती आणि तू दारात उभी होतीस, मूठ आवळून.

शिंपी डॉक्टरांना आणायला पळाला. बाबा आईच्या छातीवर दाब देत राहिले, खूप वेळ. मग थांबले. मग त्यांनी प्लग भिंतीतून ओढून काढला, उघडला आणि बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पेचकस घेतला आणि तिथेच, आईच्या शेजारी बसून, तारा सरळ केल्या. स्क्रू त्यांच्या हातातून दोनदा खाली पडला. दुसऱ्यांदा तो मी शोधून त्यांच्या हातात दिला.

प्लग बंद करून ते मला म्हणाले, "तू याला हात लावला नव्हतास. समजलं?"

मी म्हटलं, "हो."

दुपारी चौकशीला दोन माणसं आली. त्यांना रेडिओतलं काही कळत नव्हतं. त्यांनी विचारलं, कसं झालं. बाबा म्हणाले, "धाकटीनं बटण काढलं होतं. उघड्या दांडीला हात लागला." तू तिथेच मावशीच्या मांडीवर बसली होतीस. तुझी मूठ अजून उघडली नव्हती. त्या माणसानं तुझ्या हातातून ते बटण सोडवून घेतलं आणि कागदात गुंडाळलं.

मी ते सगळं बघत होते. मला बोलता येत होतं.

ताई


१९ जुलै

बारके,

वरचं पत्र लिहून पाच दिवस झाले. टाकलं नाही. कपाटात ठेवलं, रोज काढून बघितलं आणि परत ठेवलं. आज दोन्ही एकाच पाकिटात घालते आणि शिंप्याच्या सुनेच्या हातात देते, म्हणजे मला रस्त्यातून परत फिरता येणार नाही.

बाबांबद्दल लिहायचं राहिलं. त्यांना तू नकोशी नव्हतीस. तुला मावशीकडे पाठवायचं ठरलं तेव्हा मी एकदाच म्हटलं होतं, "बाबा, तिला सांगू या का?" ते म्हणाले, "ती लहान आहे, विसरेल. तू विसरणार नाहीस." त्यांचा हिशेब असा होता की जिला विसरता येईल तिच्यावर टाकावं. तो हिशेब चुकलाय हे त्यांना फार लवकर कळलं. तू सुट्टीत आलीस आणि रेडिओ असलेल्या खोलीत पाऊल टाकेनास, तेव्हाच कळलं. पण तोवर चौकशीच्या कागदावर सही होऊन गेली होती, आणि आता खरं सांगायचं म्हणजे माझ्याबरोबर स्वतःलाही अडकवायचं होतं. म्हणून ते ट्रान्सफॉर्मर गुंडाळत बसले. आणि तू समोर आलीस की खाली बघत.

शेवटच्या आठवड्यात म्हणाले, "बारकीला सांग."

मी म्हटलं, "फोन लावून देते, तुम्हीच सांगा."

"मी सांगायला लागलो तर पुन्हा तुलाच पाठीशी घालीन. मला सवय झालीय. तू सांग."

मी तरीही पहिल्या पत्रात लिहिलं नाही आणि दुसऱ्यातही नाही. तुझी सात पानं आली नसती तर लिहिलं असतं की नाही, मला खात्री देता येत नाही. एवढं खोटं बोलून झाल्यावर हे तरी खरं लिहिते.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

ताई


८ सप्टेंबर

बारके,

तू येऊन गेलीस त्याला चार दिवस झाले. जाताना म्हणालीस, आता लिहू नकोस. हे एवढं लिहून थांबते.

दीड महिना तुझं काही आलं नाही, आणि मग तू कळवल्याशिवाय दुकानात येऊन उभी राहिलीस. मी तुला पटकन ओळखलं नाही. केस पांढरे झालेत, आणि आईसारखी मान तिरकी करून बघतेस. मी म्हटलं, गिऱ्हाईक आहे, आणि तोंडातून निघून गेलं, "दुकान बंद झालंय." तू म्हणालीस, "माहितीय."

चहा करते म्हटलं तर नको म्हणालीस. पाणी प्यायलीस. मग म्हणालीस, "तो काढ."

माळ्यावरून काढायला मला बराच वेळ लागला. तू शिडी धरलीस, पण माझ्या हाताला तुझा हात लागणार नाही अशी धरलीस. टेबलावर सेट ठेवला. धूळ पुसायला गेले तर म्हणालीस, "राहू दे." मी प्लग उघडला आणि तुला दोन तारा दाखवल्या.

"यातली कुठली?"

"ही. ही इकडे हवी होती. मी तिकडे घातली."

तू हात पाठीमागे धरून वाकलीस आणि खूप वेळ बघत राहिलीस. मला वाटतं, एवढंसंच होतं का, असं तुला वाटत असावं. मलाही दर वेळी तेच वाटतं. करंगळीच्या नखाएवढा स्क्रू आहे तो.

"बाबांना त्याच दिवशी कळलं होतं."

"हो."

"मला मावशीकडे पाठवलं तेव्हाही माहीत होतं. तुम्हा दोघांना."

"हो."

"आणि माझ्या लग्नात तू माझे केस विंचरलेस, तेव्हा."

"हो."

तू रडली नाहीस. मला वाटलं होतं रडशील, ओरडशील, त्या सेटवर काहीतरी घालशील. तू पिशवी उचललीस. घड्याळजींसाठी बांधून ठेवलेल्या सेटांकडे एकदा बघितलंस. हिरव्या डोळ्याच्या सेटवर मी तुझं नाव लिहून चिठ्ठी चिकटवली होती, ती तू वाचलीस आणि काढून माझ्या हातात दिलीस. तोही परवा गेला. घड्याळजींचे दोन्ही पुतणे मिळून टेम्पोत चढवत होते आणि ते मागून सांगत होते, काच वर ठेवा, काच वर.

मग दाराशी थांबून तू म्हणालीस, "एकच विचारते. मी मावशीबरोबर निघाले त्या सकाळी तू बाहेर आली नाहीस. दुकानाचं दार आतून लावलेलं होतं. मी हाक मारली. पण आत रेडिओ मोठ्यानं लागला होता, त्यामुळे ताईला ऐकूच गेलं नाही, असं मी तेव्हापासून धरून चाललेय. मावशीकडे रोज स्वतःला तेच सांगायचे. तेवढं तरी तसंच आहे ना?"

मी म्हटलं, "हो. ऐकू आलं नाही."

तू मान हलवलीस, पायरी उतरलीस आणि गेलीस. माझ्याकडून तू नेलंस ते तेवढंच. आणि तेही खरं नव्हतं. चार दिवस मी विचार करतेय की ते तुझ्याजवळ राहू द्यावं का. शिंप्याची सून म्हणाली असती, राहू द्या. बाबाही तेच म्हणाले असते, आणि त्यांनी काय केलं ते आपण दोघींनी बघितलं.

त्या सकाळी मी ठरवलं होतं की तू निघायच्या आधी सांगायचं. मावशीच्या समोर, सगळ्यांच्या समोर. मी दुकानात गेले, दार लावलं आणि धीर गोळा करत बसले. मग अंगणात तुझी चप्पल वाजली. आणि मला वाटलं की तू आता जाशील, तर बरं होईल. उद्यापासून जेवताना समोर तू नसशील. रात्री दचकून उठलीस की माझं पांघरूण ओढणार नाहीस. मला तुझ्याकडे बघावं लागणार नाही. आई गेल्यापासून पहिल्यांदा मला हलकं वाटलं. ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, बाबांनाही नाही.

तू दाराजवळ येतेयस हे कळलं म्हणून मी हात लांब करून टेबलावरचा सेट चालू केला. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. पण व्हॉल्व्हचा रेडिओ बटण फिरवल्याबरोबर बोलत नाही. आतल्या तारा तापून लाल व्हाव्या लागतात. अर्धा मिनिट तरी जातं. डायलचा दिवा लागतो, आणि आत सगळं चिडीचूप असतं.

त्या अर्ध्या मिनिटात तू तीन हाका मारल्यास. पहिली नुसती "ताई". मग "ताई, मी निघाले". मग दाराच्या फटीला तोंड लावून, हळू, "ए ताई, मी बटण परत लावीन". मग रेडिओ लागला.

तिन्ही मला ऐकू आल्या.